किल्ल्याची मक्तेदारीण

“मान भायर त्या दगडार ठेव नि मगे भितर ये. जाताना घेवन जा. हयसर कोण चोरुचो नाय.”

किल्ल्याच्या दिंडी दरवाजात कमरेवर हात देऊन ती हे कुणालाही ऐकवायची. वरबापाला ऐकवायची, मुंबईहून रजेवर आलेल्या चाकरमान्याला ऐकवायची, मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही सोडायची नाही. मला ऐकवलं तेव्हा मला गावात येऊन अर्धा तासही झाला नव्हता. मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून माझी नेमणूक झाली होती. देवगडहून होडीने आले होते, उलट्या करून करून जीव नकोसा झाला होता, आणि माझ्याजवळ मान म्हणण्यासारखं काही नव्हतंच. एक ट्रंक होती आणि एक वळकटी.

“आणि ट्रंक?” मी चिडून विचारलं.

“ट्रंक हाड भितर. तेतूर खंय मान मावतलो!”

अशी माझी घरमालकीण मला भेटली. गाव तिला मक्तेदारीण म्हणायचा, मी काकी म्हणायचे. तिचं घर किल्ल्याच्या दरवाजासमोर, त्यातली पडवीलगतची खोली माझी. पण ती घरात असायची जेवायला आणि झोपायला. बाकी सगळा दिवस किल्ल्यात. किल्ला सरकारचा, आतले माड मात्र मामलेदार कचेरी मक्त्याने द्यायची. तिचा नवरा गलबतावर तांडेल होता, तो दर्यातच राहिला. त्याच्यामागे माडांचा मक्ता तिने आपल्या नावावर घेतला आणि त्याबरोबर दरवाजाची किल्लीही आली.

ठेंगणी, काळीभोर, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेला कोयता. बुरुजावर उभं राहून बोलली की बंदरातली माणसं माना वर करायची. तिने माडांना माणसांची नावं ठेवली होती. “हो मामलेदार. वाकडो आसा, पण धरता बरो.” “हो मानकरी. उंच लय, नारळ नाय.” “ही मास्तरीण,” असं एका किरकोळ रोपाला हात लावून ती मला म्हणाली तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तीही बोलली नाही. पण सारातली बांगड्याची मोठी तुकडी दोन्ही दिवस माझ्याच ताटात पडली.

खुर्ची या वस्तूवर तिचा भारी राग. माझ्या खोलीत वह्या तपासायला एक मोडकी खुर्ची होती. तिला काकी ‘दुखणेकरीण’ म्हणायची. खुर्ची म्हातारी-कोतारी माणसं आणि आजारी यांच्यासाठी, धडधाकट माणसाने जमिनीवर बसावं, असा तिचा कायदा. किल्ल्यात तर खुर्ची येऊच द्यायची नाही. “वर माड, खाली माणसां. मधी आनी कोण नको.”

आणि आणखी एक खोड. एरवी तोंडात अस्सल मालवणी. पण कचेरीत गेली, किंवा कचेरी तिच्याकडे आली, की एकदम पुस्तकातली भाषा काढायची. मला वाटायचं, भीड पडत असेल. छे! काकी शुद्ध बोलायला लागली की ओळखावं, आता ही बाई ऐकणार नाही.

किल्ल्यात कार्यं व्हायला लागली ती तिच्या लेकीच्या लग्नापासून. मी तेव्हा गावात नव्हते, पण ही कथा मला गावातल्या प्रत्येकाने सांगितली आहे, आणि प्रत्येकाने आपण तिथे अगदी पुढे उभे होतो असंच सांगितलं आहे.

त्या वेळी गावात काहीही करायचं तर जागा एकच, देवळाचा सभामंडप. आणि देवळात काहीही करायचं तर पहिला नारळ मानकऱ्याच्या हातात. तो दिल्याशिवाय अक्षता नाहीत, भजन नाही, साधी सभाही नाही. आता हा मान कुणाचा यावरून मानकऱ्याचा आणि त्याच्या चुलतभावाचा पिढीजात तंटा. काकीच्या लेकीचा मुहूर्त आला, नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी, आणि हे दोघे एकाच नारळाला चार हातांनी धरून उभे! हा सोडेना, तो सोडेना. पिढ्या निघाल्या, आजे-पणजे निघाले, भट घटका मोजून थकला आणि मुहूर्त टळला. नवऱ्याकडची माणसं फेटे काढून उठायच्या बेतात आली.

काकी पुढे झाली. दोघांच्या मधून नारळ ओढून घेतला, देवळाच्या पायरीवर फाड्कन फोडला आणि खोबरं समोरच्या पोरांना वाटून टाकलं.

“झालो मान. पोरांनी खाल्लो. चला आता.”

मानाचा नारळ मधल्यामधे फोडणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ती लेकीचा हात धरून निघाली, मागून नवरा, मागून वाजंत्री, आणि मग सगळं वऱ्हाड किल्ल्यात. भट म्हणाला, मुहूर्त गेला. ती म्हणाली, “दुसरो काढ.” त्याने काढला. माडांखाली झापं अंथरून लग्न लागलं. झापं म्हणजे माडाच्या झावळांची विणलेली चटई. वरबापही झापावर आणि वाजंत्रीही झापावर. लेक सुखाने नांदते आहे, हे मुद्दाम सांगते, कारण त्या दिवशी गावाने काय काय भाकितं केली होती ती मला ठाऊक आहेत.

त्यानंतर ज्याचं त्याचं कार्य किल्ल्यात. काकीने दरवाजाला चुना लावला, आतल्या विहिरीवर नवा रहाट बसवला, ढीगभर झापं विणून घेतली. जुन्या दारूकोठारात चुली मांडल्या. तोफेवर आचाऱ्यांचे पंचे वाळायचे. कार्याच्या आदल्या दिवशी पाडेली माडांवर चढून नारळ उतरवायचा, कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून. निवडणूक आली की सकाळी एका पक्षाची सभा आणि संध्याकाळी दुसऱ्याची, आणि दोन्ही सभांना माणसं तीच. कलमी आंब्यांचं प्रदर्शन झालं, भजनाचे सामने झाले. अट एकच, सगळे सारखे बसणार आणि पहिला नारळ कुणालाही मिळणार नाही.

आमच्या हेडमास्तरांना इतिहासाचा फार उमाळा. ते एकदा भर लग्नात येऊन म्हणाले, “अहो, या कोठारात बारूद असायची! या तटावर रक्त सांडलंय! आणि तुम्ही इथे भात शिजवता?”

“लढाई करूची आसा काय, मास्तरानु? सांगा, तपेली उचलतंय,” काकी म्हणाली. हेडमास्तर जेवून गेले.

मानकऱ्याने सुरुवातीला किल्ल्याकडे पाठ फिरवली होती. पण गावची सगळी कार्यं तिकडे गेल्यावर बिचारा घरी बसून कुणावर मान गाजवणार? एका सभेला आला आणि थेट पुढे जाऊन एका माडाखाली ऐसपैस बसला. काकी म्हणाली, “रे बाबा, थय बसा नको. तो माड उतरूक नाय.” तो म्हणाला, ही माझी जागा, मी हलणार नाही. “बरा तर. बस,” ती म्हणाली. वक्ता तासभर बोलत होता आणि मानकरी तासभर आभाळाकडे बघत होता. वक्त्याला वाटलं, काय तल्लीन होऊन ऐकताहेत! नारळ काही पडला नाही, पण त्याची मान चार दिवस आखडली होती. त्याला तेल लावून देणारी त्याची म्हातारी आई हे सांगताना स्वतःच हसून हसून ठसकायची.

ही म्हातारी आणि मानकऱ्याची धाकटी मुलगी, दोघींचं मेतकूट. मुलगी माझ्या वर्गात, वरच्या इयत्तेत होती. काळीसावळी, काटकुळी, आणि नकला करण्यात अशी तरबेज की मी वर्गात पाठ फिरवली की मागे मीच बोलत असायचे. आम्ही स्नेहसंमेलनाला नाटक करायचं ठरवलं. दशावताराचं आख्यान, सगळी सोंगं मुलींनी घ्यायची. दशावतारात वेद चोरणारा संकासूर असतो, काळा झगा, काळी उंच टोपी, आणि तोंड असं की समोर कोण बसलंय याची पर्वा न करता सगळ्यांची खिल्ली उडवतो. संकासूर कोण करणार यावर वर्गात चर्चाच झाली नाही. सगळ्यांनी तिच्याकडेच बघितलं.

गावभर बोंब झाली. बाईमाणसाने संकासूर करायचा? आणि तोही मानकऱ्याच्या लेकीने? मानकऱ्याने देवळाचा मंडप नाकारला. हेडमास्तरांनी शाळेचं पटांगण नाकारलं, वर मला बोलावून समजूतदारपणाचे चार शब्द ऐकवले. मी तणतणत घरी आले. वह्या आपटल्या. रडले की ओरडले ते आठवत नाही, बहुतेक दोन्ही.

काकी चुलीपुढे गुळाचा कोरा चहा ढवळत होती. “किल्लो आसा मा?” ती म्हणाली. “मगे इतक्या कित्याक बोंबलतस?”

नेमकं त्याच सुमारास मामलेदार साहेब आले. नवीन राज्य झालं होतं, तालुक्याचे समारंभ थाटात व्हावेत असं सरकारच्या मनात होतं, आणि त्याला किल्ल्यासारखी दुसरी जागा नव्हती. मक्त्याची मुदतही संपत आली होती. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. पडवीत बसून त्यांनी सगळं नीट मांडलं. मक्ता तर मिळेलच, शिवाय सरकारी समारंभांची सगळी व्यवस्थाही काकीकडे राहील. मात्र पुढची रांग खुर्च्यांची हवी, अधिकारी आणि प्रतिष्ठितांसाठी. रिवाजाप्रमाणे पहिला नारळ मानकऱ्यांना मिळावा. आणि मुलींचं नाटक बघायला ते स्वतः येणार आहेत, तेव्हा एवढा तो संकासूर वगळला तर बरं, उगीच गावात कटुता नको.

काकी पदर सावरून उभी राहिली.

“आपण म्हणता ते अगदी योग्य आहे, साहेब,” ती म्हणाली. “ते होणार नाही.”

साहेब गेल्यावर माझीच पाचावर धारण बसली. म्हटलं, काकी, किल्ला जाईल हो. चार खुर्च्यांनी काय होतंय? ती माझ्यावर अशी काही उखडली की काय सांगू! “आज खुर्ची येयत, उद्या खुर्चेचो मान येयत, परवा माझ्या लेकीसारखा कोणाचा तरी चेडू मांडवात उभ्याचा उभ्या रवात. मी नारळ फोडलंय तो कित्याक गो?” तिचं ते बोलणं ऐकून मला माझ्याच चार खुर्च्यांची लाज वाटली.

नाटक दुपारी ठेवलं होतं, मुली दिवेलागणीच्या आत घरी पोचाव्यात म्हणून. सकाळीच कचेरीचा शिपाई बैलगाडीतून खुर्च्या घेऊन दरवाजात हजर. मला वाटलं, आता ही कोयता काढणार. पण काकीने दरवाजा सताड उघडला. “ये रे बाबा, हाड. मांड पुढे.” शिपायाने रांग मांडली, फडक्याने पुसलीही.

मग ती गावात गेली आणि म्हाताऱ्या गोळा करून आणल्या. गुडघे धरलेल्या, कमरेत वाकलेल्या, बंदरावर मासे विकून दमलेल्या, काठी टेकत येणाऱ्या. एकेकीला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. “बस गो आये. तुझ्यासाठी धाडल्यानी सरकारान.” अगदी मधल्या खुर्चीवर बसवली ती मानकऱ्याची आई. म्हातारी पाय हलवत बसली, तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

साहेब आले, मागून मानकरी आला. रांग भरलेली. साहेबांनी मानकऱ्याकडे बघितलं. मानकऱ्याने मधल्या खुर्चीकडे बघितलं, तर तिथे त्याची जन्मदात्री सुपारी चघळते आहे! आता उठवणार कुणाला? दुसऱ्याच्या आईला उठवावं तर गाव शेण घालील, आणि स्वतःच्या आईला उठवावं तर ती उठेल कशाला!

“बस रे झिला,” म्हातारी म्हणाली, “झाप चांगला आसा.”

साहेब खाली बसले. चेहरा दगडासारखा, पण बसले. मानकरी बसला नाही. ताडताड दरवाजातून बाहेर गेला, आणि त्याने आपल्या लेकीचा संकासूर बघितला नाही. मी सांगते, तिने त्या दिवशी किल्ला हलवला. मला म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येताना दिसत होतं. आणि मुलगी मात्र प्रत्येक टाळीनंतर दरवाजाकडे बघत होती.

पुढच्या महिन्यात मक्ता मानकऱ्याला मिळाला.

किल्ली द्यायला काकी कचेरीत गेली, मी सोबत होते. साहेबांनाही वाईट वाटत होतं. म्हणाले, “बाई, खुर्च्यांची ती एक रांग आमच्यासाठी सोडली असतीत, तर किल्ला तुमच्याकडेच राहिला असता.”

या वेळी ती शुद्ध बोलली नाही. “रवलो असतो, साहेबानु. पण मगे तो माझो खंय?”

ऐट कचेरीत होती, घरी नव्हती. घरी आल्यावर ती चुलीकडे तोंड करून पुष्कळ वेळ रडली. महिनाभर घरात खोबरं आलं नाही. आमच्याकडे बिनखोबऱ्याचं सार म्हणजे सुतकच. समोर किल्ल्यात फळ्यांचा रंगमंच झाला, कागदी पताका लागल्या, लोखंडी खुर्च्या आल्या आणि खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या. पहिल्याच समारंभात दुसऱ्या रांगेवरून मारामारी झाली. मानकऱ्याला पहिला नारळ मिळाला. त्याच्या घरात मात्र मुलगी त्याच्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नाही, हे म्हातारी सगळ्यांना सांगत हिंडायची.

पुन्हा संमेलनाचे दिवस आले तेव्हा मी विषयच काढला नव्हता. एका सकाळी म्हातारी नातीचा हात धरून आमच्या पडवीत उभी राहिली.

“मास्तरीणबाय, औंदा सोंगां खंय?”

मी काकीकडे बघितलं. ती विळीवर बसली होती, मान वर न करता म्हणाली, “पुळणीर.”

“पुळण कोणाची गो?” म्हातारीने विचारलं.

“दर्याची. दर्यो मक्त्यान देयत नाय.”

किल्ल्याच्या तटाला लागूनच पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा. ठरलं असं की मुली तटाच्या पायथ्याशी सोंगं करणार, माणसं त्यांच्यासमोर वाळूवर बसणार आणि माणसांच्या पाठीमागे समुद्र. वेळ काकीने ठरवली. मासेमारीला जाणाऱ्या खारव्यांपैकी एकजण म्हणालाही, “काकी, त्या वेळेक भरती आसा गो. मागची माणसां भिजतली.” ती म्हणाली, “होय काय? माका ठावक नाय.” तांडेलाची बायको, आणि भरती ठाऊक नाही! मीसुद्धा त्या वेळी विश्वास ठेवला.

माणसं अशी लोटली की विचारू नका. पुढे बसायला म्हणून दुपारपासून येऊन बसलेली पोरं, त्यांच्यामागे बाया, त्यांच्यामागे पुरुष. आणि सगळ्यांच्या मागे, अगदी पाण्याच्या कडेला, ज्यांना आपण आलोय हे कुणाला दिसू द्यायचं नव्हतं ते. हेडमास्तर तिथे होते. आणि एका उपड्या होडीच्या आडोशाला, वहाणा हातात घेऊन, मानकरी उभा होता. मी काकीला कोपराने ढोसलं. “बघलंय,” ती पुटपुटली. “गप रव.”

आख्यान सुरू झालं आणि भरती चढायला लागली. मागच्या रांगेच्या पायांना पाणी लागलं. ती माणसं उठली. मधे दाटीमुळे जागा नव्हती. रिकामी वाळू होती ती फक्त पुढे, सोंगांसमोर. म्हणून मागची माणसं पुढे येऊन बसली. थोड्या वेळाने आता शेवटी उरलेली रांग भिजली, तीही उठून पुढे आली. कुणी कुणाला हटकलं नाही, कारण भांडायचं कुणाशी? हेडमास्तर धोतर वर धरून लगबगीने पुढे आले आणि माझ्या पाचवीतल्या पोरींच्या शेजारी बसले. काकीच्या तोंडावर जे हसू होतं ते बघितल्यावर मला भरतीचा सगळा उलगडा झाला.

होडी पाण्यात हलायला लागली. मानकरी गुडघाभर भिजून उभा होता, पण हलत नव्हता. शेवटी एक मोठी लाट आली. तो वहाणा छातीशी धरून, माणसांतून वाट काढत, खाली मान घालून पुढे आला आणि एवढीच जागा उरली होती म्हणून अगदी पहिल्या रांगेत, ओल्या वाळूत बसला. कुणी त्याला या बसा म्हटलं नाही.

त्याच क्षणी संकासूर आला. काळा झगा, काळी टोपी, दोन गिरक्या, आणि समोर बघतो तर बाप! मुलगी थबकली. मला वाटलं, संपलं, ही आता आत पळणार. काकीने माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली.

मग ती टोपी तिरकी झाली. संकासूर चवड्यांवर बसला, बापाच्या तोंडाशी तोंड नेऊन त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि साऱ्या पुळणीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“ह्यो कोण रे? हेका माझ्या घराकडे खंय तरी बघलंय!”

कुणीही हसलं नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते. मानकऱ्याने वहाणा बाजूला वाळूवर ठेवल्या, भिजल्या धोतरानिशी मांडी नीट घातली आणि दोन्ही हात जोडले.

“तुझो बापूस, महाराजा.”